जिभेवर भोपळा

“वहिनी, आईनं केलेलं आधी तू चाखत जा, मगच तुझ्या चिमीला भरव,” असं माझी नणंद फोनवर म्हणाली होती. मी “हो, हो” म्हणत फोन ठेवला. लांब बसून काड्या लावण्यात ही बाई पटाईत. सासूचं मला सांगायचं, माझं सासूला सांगायचं, आणि मग काय झालं ते ऐकायला पुन्हा फोन करायचा. मनात म्हटलं, आमची भांडणं लावायला आम्ही समर्थ आहोत, बाहेरून माणूस लागत नाही.

खरोखरच लागत नव्हता. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ना, ते आमच्याकडे शब्दशः भोपळ्यावरूनच चाललं होतं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर, भिंतीला लागून मातीची एक अरुंद पट्टी होती. उन्हाचा भाग सासूबाईंचा, सावलीचा माझा. वाटणी अर्थातच त्यांनी केलेली. माझ्या वाट्याला आलेल्या ओलसर अंधारात मी टोमॅटो आणि पालक लावला. त्यांनी भोपळा लावला, तोही विकतचं बी आणून नाही. गेल्या वर्षीच्या भोपळ्याच्या बिया धुऊन, वाळवून ठेवलेल्या होत्या.

“पाकिटातलं बी आणायचं म्हणजे मूल दुकानातून आणण्यासारखं,” त्या माझ्या टोमॅटोंकडे बघत म्हणाल्या.

वेल फोफावला आणि थेट माझ्या वाफ्यात शिरला. सकाळी मी शेंडा उचलून त्यांच्या बाजूला वळवायची, दुपारी तो पुन्हा माझ्या टोमॅटोच्या गळ्याशी.

“वेलाला काय कळते हद्द?” सासूबाई म्हणायच्या.

“वेलाला नाही कळत, पण वळवणाऱ्याला कळत असेल ना?”

“मग शोध वळवणाऱ्याला. एवढी कॉलेजात गेलेली आहेस.”

बागेतलं एक वेळ सोसवलं असतं. जेवायला बसलो की अंगावर काटा यायचा. त्या स्वतः घास घ्यायच्या नाहीत. हातात चमचा धरून माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. मी पहिला घास गिळेपर्यंत पापणीसुद्धा लवायची नाही. कैद्यावर पहारा असतो तसा. मला वाटायचं, मी नावं कधी ठेवतेय याची वाट बघताहेत, म्हणजे रात्री लेकाच्या कानाशी लागायला बरं.

मग मीही हट्टाला पेटले. मीठ कमी असो, जास्त असो, चेहरा कोऱ्या पाटीसारखा. एकदा डाळीत मीठ घातलंच नव्हतं. मी वाटी चाटूनपुसून खाल्ली. माझा नवरा तर मोबाईलमध्ये डोकं घालून जेवतो. त्याच्यापुढे गवत ठेवलं तरी “छान झालंय” म्हणेल.

पहिला भोपळा उतरवला त्या दिवशी नवरा कामावर होता. मी मागे कपडे वाळत घालत होते. आतून चिमीच्या रडण्याचा आवाज आला. भुकेचं रडणं आणि “नको” म्हणायचं रडणं मला वेगळं ओळखू येतं. मी ओले हात तसेच घेऊन आत धावले.

चिमी उंच खुर्चीत, गळ्यात लाळेरं. समोर सासूबाई, हातात वाटी. भोपळा वाफवून, कुस्करून, वर लोणी घातलेलं. चिमी मान फिरवत होती, चमचा तिच्या ओठांच्या मागोमाग फिरत होता.

“नखरे कुणाकडून आलेत ते दिसतंय,” त्या म्हणाल्या.

मी चमचा हिसकावून तोंडात घातला. जीभ आखडली. कारलं त्याच्यापुढे साखर. मी धावत जाऊन मोरीत थुंकले.

“कडूजहर आहे हे! किती दिलंत तिला?”

“एक चमचा. तोही तिनं माझ्या अंगावर उडवला.”

मी ओल्या फडक्यानं चिमीचं तोंड आतून-बाहेरून पुसलं.

“माझा भोपळा कडू?” सासूबाई उठल्या. “वेलाचा राग फळावर काढतेस होय?”

“स्वतः चाखून बघा ना!”

“चाखूनच दिलंय. मध आहे मध. शिकलेल्या सुनेची जीभ लांब आणि चव आखूड!”

एवढं बोलून त्यांनी अख्खं पातेलं पुढे ओढलं आणि खायला लागल्या. चमच्यामागून चमचा, माझ्या डोळ्यांत डोळे घालून. खरं सांगते, मी मनात म्हटलं, खा. मोडेन पण वाकणार नाही ही हौस आज पुरी होऊन जाऊ दे. मी त्यांचं तोंड कधी वाकडं होतंय याची वाट बघत उभी राहिले.

ते वाकडं झालंच नाही. निम्मं पातेलं संपलं तरी नाही. हट्टानं माणूस बोलायचं थांबेल, रडायचं थांबेल. पण त्या कडूपणानं घसा आपोआप मिटतो, त्याला हट्ट कसा थांबवणार? मी पातेलं ओढून घेतलं.

“आई, तुम्हाला चव लागत नाही.”

“तोंड बंद ठेव.”

“कधीपासून?”

त्यांनी चमचा टेबलावर आपटला. “तोंड बंद ठेव म्हटलं तर लगेच उघडतं, आणि उघडायला हवं तेव्हा? मागे ताप आला होता ना, तेव्हापासून सगळं कागदासारखं लागतंय मला. मीठ कमी की जास्त, रोज तुझ्या थोबाडाकडे बघून ठरवायचं म्हणते, तर तिथं एक आठी नाही! दगड बरा. सून म्हणून एवढंही जमलं नाही तुला, एकदा तोंड वाकडं करायचं?”

मी पातेलं मोरीत रिकामं करेपर्यंत त्यांना उलटी झाली. मग उलट्या थांबेचनात.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, शेजारी कुणाकडे शोभेच्या भोपळ्याचा वेल आहे का? होता, पलीकडच्या कुंपणावर. गेल्या वर्षी मधमाश्यांनी त्याचा पराग आमच्या फुलांवर आणला, आणि गेल्या वर्षीच्या बियांतच ते कडू वाण उतरलं. असला कडूपणा म्हणजे विष, शिजवून जात नाही; कडू लागलं की थुंकायचं, हाच उपाय. आणि ज्याला कडू लागतच नाही, त्यानं काय करायचं?

चव गेल्याचं मी सांगितलं, तेव्हा डॉक्टरीण बाईंनी सासूबाईंना डोळे मिटायला लावून नाकाशी एक बाटली धरली. “ही कॉफी आहे की फिनेल?”

सासूबाईंनी एक डोळा किलकिला केला आणि माझ्याकडे बघितलं. मी ओठांनी नुसतं “फि” केलं असतं तरी भागलं असतं. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

“कॉफी,” त्या म्हणाल्या. फिनेल होतं.

चिमीला काही झालं नाही. सासूबाई घरी आल्या आणि लेकाला म्हणाल्या, “हिनं मला चारचौघांत उघडं पाडलं. हिला घेऊन जा. माझ्या स्वयंपाकघरात हिचं पाऊल नको.” नवऱ्यानं वेल उपटून टाकला, म्हणून त्याच्याशीही काही दिवस अबोला धरला. आता आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत राहतो. नणंद फोन करून म्हणते, “मी सांगितलं होतं.” तिला स्वतः येऊन राहा म्हटलं की रेंज जाते.

चव गेली तर माणूस बेचव खाऊन जगतं. पण त्यांना वासही येत नाही. दूध करपलेलं कळत नाही. शेगडी विझून नुसता गॅस सुटला तरी कळणार नाही. नवऱ्यानं गॅस सुटला की वाजणारा भोंगा बसवला, तर त्यांनी त्यातली बॅटरी काढून टाकली. म्हणे, तुझ्या बायकोसारखा किंचाळतो. तो संध्याकाळी चक्कर मारून येतो. मला दारात उभं करत नाहीत. आणि त्या स्वयंपाक करतात भर दुपारी, खिडक्या लावून, एकट्या.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही त्या बाजूला राहत असाल, किंवा तुमच्याच गल्लीत अशी कुणी असेल, तर दुपारी एकदा दार वाजवा. चार मिरच्या मागायला आले म्हणा. उंबऱ्यात उभं राहून खोल वास घ्या. त्या विचारतील, कुणी पाठवलं तुला? माझं नाव घेऊ नका. शिव्या घातल्या तर घालू द्या. वास आला, तर विचारत बसू नका. आधी गॅस बंद करा, मग खिडकी उघडा.