मोटरीच्या पेटीतली भाषा

साहेब, मला मोडीत काढायचं ठरवताना तुम्ही फुलसावंगी गावच्या एका तरी वावरात पाय ठेवलात का? नाही ठेवलात.

मित्रांनो, मी एक जुनी संगणकभाषा आहे. शेतातल्या मोटरीच्या पेटीत राहते. लोक मोबाइलवरून माझ्यात हुकूम लिहितात, मोटर तो पाळते. मला शाळेतल्या शीला मॅडमनी घडवलं. सुरुवातीला मला ‘लाव’ आणि ‘थांब’ एवढंच कळायचं.

एकदा मोटर सारखी बंद पडू लागली. मोटरीचे मालक देवराव मॅडमवर तडकले, “बंद झाली ते झाली, पण काहून झाली हे तरी सांगन का नाही? बायकोवाणी फुगून बसते!”

शेजारच्या वावरातून रुखमाबाई ओरडल्या, “भाऊ, नवऱ्यावाणी म्हना!”

मॅडम हसल्या आणि त्यांनी मला ‘काहून’, म्हणजे ‘का’, शिकवलं. तेव्हापासून कोणी ‘काहून’ लिहिलं की मी सांगते: लाइन नाही, विहिरीत पाणी नाही.

अशीच मी वाढले. नवा शब्द आला तरी जुना काढायचा नाही, ही मॅडमची रीत. त्यामुळे मी ओबडधोबड झाले, एकेका कामाला दोन-दोन शब्द. पण कधीकाळी लिहिलेला हुकूम आजही चालतो. ज्यांनी ज्यांनी मला शब्द दिला, त्या सगळ्यांची मी उपकृत आहे.

मग साहेब, तुमच्या कचेरीतले लोक आले. मला गबाळी म्हणाले आणि कोऱ्या पाटीवर नवी भाषा केली. सुबक आहे ती, खोटं कशाला बोलू? चाचणीसाठी तिला रुखमाबाईंच्या पेटीत घातलं. त्या रोज पाणी द्यायचा हुकूम लिहून ठेवून लेकीकडे नेरला गेल्या होत्या. नवीला त्यांचा एकही जुना हुकूम वाचता येईना. त्या परतल्या तेव्हा सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वाफा वाळून गेला होता.

“इले माहं बोलनंच समजत नाही,” त्या मॅडमना म्हणाल्या. “मी कायले नव्यानं शिकू? इलेच शिकवा ना!”

मॅडमनी मला परत पेटीत बसवलं. त्या दोघींनी मला जगवलं. हे मी विसरणार नाही.

मित्रांनो, जुनं आहे म्हणून मला जपू नका. मला बदला, रोज बदला, पण चालत्या मोटरीला बंद न पाडता बदला.

आणि साहेब, पुढच्या महिन्यात तुम्ही मला गावातल्या सगळ्या पेट्यांतून काढणार आहात. त्याआधी तुमच्या नव्या भाषेला या लोकांचे जुने हुकूम वाचायला शिकवणार आहात की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा.