चिंधीच्या पोटातला दोरा

चिंधीने उलटी केली तेव्हा टेलरबाईने आधी खालचं कापड उचललं आणि मग कुत्रीकडे पाहिलं. कापड गिऱ्हाइकाचं होतं, कुत्री घरची. गिऱ्हाईक थांबत नाही, घरच्यांना थांबावं लागतं, आणि त्या घरात हे कोणाला समजावून सांगावं लागत नसे.

चिंधी म्हणजे मांजराएवढा जीव, निम्मा कानांतच गेलेला. टेलरबाईचा नवरा दुकानांना पाव-बिस्किटं पोचवणारी व्हॅन चालवायचा. गोदामामागे सापडलेलं ते पिल्लू त्याने शर्टात घालून आणलं, ते शिलाईच्या खोलीत कातरलेल्या चिंध्यांच्या ढिगात जाऊन झोपलं, आणि नाव आपोआप पडलं. नवरा तसा तुटक माणूस. बायकोशी कामापुरतं, आईशी जेवणापुरतं बोलणारा. पण कामावरून आला की चिंधीला छातीवर घेऊन पडायचा आणि तिला दिवसभराची हकिगत सांगायचा. घरातल्या दोघी बायकांना त्याच्या मुकादमाचं नावसुद्धा कुत्रीमुळे कळलं होतं.

एवढं सगळं असून चिंधीचं पोट मात्र दळभद्री. पचायचं काही नाही, आणि सोस सगळ्याचा. मापं टाकायचा खडू, बटणं, कॅनव्हासचे तुकडे, काही म्हणून तिला वर्ज्य नव्हतं. महिन्यातून एकदा तरी ती पोट धरून बसायची. टेलरबाईचा इलाज ठरलेला होता. एक दिवस उपास, चमच्याने मीठ-साखरेचं पाणी, मग बिनमिठाचा मऊ भात. हात आखडता असला की माणूस स्वयंपाकघरातच डॉक्टर होतो, आणि खरं सांगायचं तर आजवर दर वेळी कुत्री बरी झाली होती.

"या वेळी काही बरोबर दिसत नाही," सकाळी निघताना नवरा म्हणाला. "दवाखान्यात ने तिला."

"दर वेळी असंच दिसतं," टेलरबाई म्हणाली. "पाणी पाजते. होईल बरी."

ती दुष्ट होती म्हणून असं म्हणाली नाही. तिला ओव्हरलॉकचं मशीन घ्यायचं होतं. कापडाच्या कडा बांधून घ्यायला तिला प्रत्येक गठ्ठा घेऊन रस्त्याच्या टोकाच्या टेलरकडे जावं लागे. तो टेलर तिला ताटकळत ठेवी आणि वर म्हणे, "वहिनी, हाताने बांधा की, वेळच वेळ आहे तुम्हाला." मशीनसाठी तिने पोटाला चिमटा काढून पैसे साठवले होते. आणखी थोडे दिवस, मग त्या माणसाचं तोंड पाहायला नको, एवढी एकच आशा तिने धरली होती. ती कुत्रीच्या पोटापायी सोडायची तिची तयारी नव्हती.

खोलीत तिच्याबरोबर सासू असे. म्हातारी काज-बटण आणि हातशिलाई करायची. एके काळी ती स्वतः टेलर होती, तिच्या हातचा शर्ट घालून लोक लग्नं ठरवायला जात. आता डोकं साथ देत नव्हतं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता यायचं नाही, सुनेला कधी बहीण म्हणायची, कधी गिऱ्हाईक समजून मापं घ्यायला उठायची. पण सुई हातात दिली की काज असं उतरायचं की बघत राहावं. टेलरबाईला धंदा तिनेच शिकवला होता. पहिल्याच दिवशी तिने कापडातून एक दोरा घातला, टोक धरून ओढला, आणि अख्खं कापड गोळा झालं. "बघितलंस?" म्हातारी म्हणाली होती. "लोंबता दोरा दिसला की कापायचा. ओढायचा नाही. एक दोरा ओढून अख्खा शर्ट वाया घालवलेल्या बायका मी पाहिल्यात."

त्या दिवशी दुपारी म्हातारी बटण लावता लावता पेंगत होती. टेलरबाई कोण्या इस्पितळाच्या नोकरांचे निळे गणवेश शिवत होती. चिंधी कोपऱ्यात कुंथत होती, उठत होती, पुन्हा बसत होती. टेलरबाई तिला पुसायला वाकली तर तिच्या शेपटीखालून निळा दोरा लोंबत होता. गणवेशाचाच, जाड, सहज न तुटणारा.

तिचा हात गेला. डोक्याला विचारायला थांबला नाही. बोटभर दोरा सहज आला, मग अडला. तो अडकाव तिच्या बोटांना ओळखीचा होता, रोज फ्रॉकच्या चुण्या घालताना लागतो तोच. थांबायची ती वेळ होती. पण समोर गणवेशांचा ढीग पडला होता, घाण साफ करायची होती, आणि हे एकदाचं निघालं तर दवाखाना टळेल असंही मनात आलंच. तिने आणखी एक हिसका दिला.

चिंधी ओरडली नाही. तिच्या तोंडून दार घासल्यासारखा बारीक आवाज निघाला आणि तिचे मागचे पाय खाली बसले. तेव्हा कुठे टेलरबाईने कात्री घेतली आणि दोरा कापला.

"काय झालं गं?" म्हातारी जागी झाली.

"काही नाही, आई. झोपा तुम्ही."

संध्याकाळी नवरा आला तोवर कुत्रीचं पोट फळीसारखं झालं होतं. त्याने कोणाला काही विचारलं नाही. शर्ट काढून तिला त्यात गुंडाळलं आणि बनियनवरच निघाला. टेलरबाई पैशांचा डबा घेऊन मागे धावली. रस्त्यात तो फक्त एकदा म्हणाला, "मी सकाळीच सांगितलं होतं." पुढचं सगळं तिला तिथेच दिसलं. हा माणूस ओरडणार नाही, हात उगारणार नाही. आहे तेवढंही बोलणं बंद करील आणि जन्मभर बंद ठेवील.

जनावरांची डॉक्टर तरुण होती, दिवसभराने थकलेली. पोटाचा एक्स-रे काढला, पोट उघडावं लागेल म्हणाली, आणि उघडलं. बाहेर बाकावर दोघं एकमेकांकडे न बघता बसली होती. बऱ्याच वेळाने डॉक्टर मास्क खाली करत आली.

"जगेल बहुतेक," ती म्हणाली. "दोरा गिळला होता. आतडं त्या दोऱ्यावर गोळा झालं होतं, फ्रॉकला चुण्या असतात ना, तसं. आणि एके ठिकाणी दोऱ्याने चिरलं होतं, तेवढा तुकडा काढून टाकावा लागला. बाहेर आलेला दोरा कोणी ओढला का?"

नवऱ्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"आईंनी," टेलरबाई म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि तिला स्वतःलाच हायसं वाटलं. म्हातारीला काही लक्षात राहत नाही. तिच्या अंगावर टाकलेलं ओझं ती घटकाभरात विसरून जाईल, म्हणजे ते कोणालाच वाहावं लागणार नाही. आईवर मुलगा काय रागावणार? आणि एवढ्याशा थापेने कोणाचं काय जाणार होतं? स्वतःची समजूत घालण्यात टेलरबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं.

डबा दवाखान्यात रिकामा झाला. चिंधी पोटाला टाके घेऊन घरी आली.

पण म्हातारीचं विसरणं जसं कामी येईल असं टेलरबाईला वाटलं होतं तसं ते आलं नाही. पहिल्याच सकाळी म्हातारीने चिंधीला घ्यायला हात पुढे केले आणि मुलगा म्हणाला, "हात लावू नकोस तिला."

"का रे? काय झालंय तिला?"

"तू दोरा ओढलास. आतडं फाटलं तिचं."

म्हातारी ताठ बसली. कित्येक महिन्यांत तिचे डोळे इतके स्वच्छ दिसले नव्हते. "मी?" ती म्हणाली. "मी दोरा ओढत नाही. मी कापते."

"आई, सकाळी काय खाल्लंस तू?"

म्हातारी विचार करू लागली. तिच्या हनुवटीला अजून दूध लागलेलं होतं. तिला आठवेना.

"मग दोरा कापलास का ओढलास, ते कशावरून सांगतेस?"

म्हातारीने सुनेकडे पाहिलं. या घरात तिच्या हाताची साक्ष देणारी तेवढी एकच होती. "सांग गं त्याला. तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं मी?"

टेलरबाई मशीनच्या सुईत दोरा ओवत होती. त्या वेळी एक शब्द बोलली असती तरी पुरलं असतं. "ओढलात, आई," ती म्हणाली. "मी पाहिलं."

म्हातारीने पुढे केलेले हात मागे घेतले. दुपारपर्यंत ती विसरली, आणि टेलरबाईचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या सकाळी म्हातारीने पुन्हा हात पुढे केले, मुलाने पुन्हा अडवलं, आणि "का रे?" म्हटल्यावर पुन्हा सगळं सांगितलं. नवरा कामाला, वेळेला आणि रागाला पक्का. म्हातारीला रोज नव्याने कळायचं, रोज पहिल्यांदाच कळल्यासारखा तिचा चेहरा पडायचा. आपण माणसं एखादी वाईट बातमी एकदा ऐकतो आणि मग तिच्याबरोबर राहायला शिकतो. म्हातारीच्या नशिबी तेवढंही नव्हतं. आणि रोज सकाळी, मुलगा बोलायच्या आधी, टेलरबाईला खरं बोलायची संधी तेवढीच कोरी मिळायची. ती त्या वेळात चहा गाळायची.

उलट तिचं बरं चाललं होतं. नवरा तिच्याशी पूर्वीपेक्षा चार शब्द जास्त बोलू लागला. "तुझं मशीन गेलं गं, आईपायी," एकदा तो म्हणाला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, असा हात त्याने कधी ठेवला नव्हता. तिने तो ठेवू दिला. रस्त्याच्या टोकाचा टेलर आता तिला पहिल्यापेक्षा जास्त ताटकळत ठेवी, पण घरी कोणीतरी आपल्या बाजूचं आहे म्हणून तिला ते सोसत होतं.

खटकत होती ती फक्त चिंधी. तिला आता थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खायला घालावं लागे. टेलरबाई भात मऊ शिजवायची, बोटाने चुरायची, ताटली पुढे ठेवायची. कुत्री शेपूट पोटाखाली घेऊन भिंतीला चिकटायची. टेलरबाई दूर जाईपर्यंत तोंड लावायची नाही. टेलरबाईची सावली पडली तरी मागच्या पायांवर बसायची. आणि खाऊन झालं की जमिनीवर घसटत, टाके सांभाळत, सरळ म्हातारीच्या मांडीकडे जायची.

"जनावर ते," नवरा म्हणाला. "ज्याने मारलं त्याच्याकडेच जातंय. अक्कल नाही."

टेलरबाई मान खाली घालून शिवत राहिली. तिला एकदम कुत्रीचाच राग आला. औषध तिच्या पैशाचं, भात तिच्या हातचा, आणि ही सगळ्यांदेखत तिच्या तोंडाला काळं फासते. चूक पोटात ठेवणं एक वेळ जमतं, ती ओळखून असणाऱ्या प्राण्याला रोज भरवणं अवघड.

पाण्याचा थेंब दगडालाही खड्डा पाडतो. रोज सांगून सांगून शेवटी म्हातारीच्या डोक्यात ते रुतलं. मुलाचं नाव गेलं, सुनेचं गेलं, घरात दिवा कुठे लागतो ते गेलं, पण हे राहिलं. एके सकाळी मुलाने अडवायच्या आधीच तिने चिंधीला पायाने दूर सारलं. "जा गं बाई. माझ्याजवळ येऊ नकोस. माझे हात वाईट आहेत." चिंधी परत आली. तिने पुन्हा सारलं. कुत्रीला कळेना की आपलं काय चुकलं. ती जरा लांब बसली आणि म्हातारीच्या हातांकडे बघत राहिली.

त्या दिवसापासून म्हातारीने सुई धरली नाही. दोऱ्याचं रीळ पुढे केलं की हात पाठीमागे न्यायची. काजं टेलरबाईला स्वतः करावी लागली, ती वाकडी झाली, गिऱ्हाइकाने तोंडावर सांगितलं.

आणि मग एका दुपारी गणवेशांचा शेवटचा गठ्ठा पोचवायचा होता. नवरा कामावर होता. टेलरबाई चप्पल घालत असताना म्हातारी म्हणाली, "बाई, जाण्याआधी माझे हात बांधून जा."

"काहीतरीच काय, आई."

"तू नसताना ती येते मांडीवर. मला आठवत नाही बघ मी काय करते. पुन्हा ओढला तर?" तिने दोन्ही मनगटं जुळवून पुढे केली, लहान मूल धुवायला हात पुढे करतं तशी. "घट्ट बांध. मला गाठी सोडवता येतात."

टेलरबाई उभी राहिली. खोलीत तिसरं माणूस नव्हतं. मुलगा ऐकत नव्हता, डॉक्टर विचारत नव्हती. म्हातारीच्या कानाशी वाकून "तुम्ही नाही, मी ओढला" एवढं म्हटलं असतं तर ते बाहेर कुठेच गेलं नसतं. तिने तोंड उघडलंही. पण म्हातारी आजकाल ऐकलेलं धरून ठेवते, संध्याकाळी मुलाला सांगेल, हे तिच्या मनात आलं, आणि पाठीवर ठेवलेला तो हात आठवला.

तिने जाड सुती पट्टी घेतली. मनगटाला काचू नये म्हणून कडा आत दुमडल्या. दोन वेढे घेतले आणि गाठ खालच्या बाजूला मारली, जिथे बोटं पोचत नाहीत.

"घट्ट आहे ना गं?"

"घट्ट आहे, आई."

"तू आहेस म्हणून ती जगली," म्हातारी म्हणाली. "नाहीतर मी मारलीच होती."

टेलरबाईने गठ्ठा उचलला. दार ओढून घेताना तिने आत पाहिलं. चिंधी म्हातारीच्या मांडीवर चढत होती, आणि म्हातारीने बांधलेले हात डोक्याच्या वर उचलून धरले होते, कुत्रीला चुकूनही लागू नयेत म्हणून.