हार घातलेलं जहाज

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हापासून गावाला स्वतःचे फोटो भिंतीवर पाहायची हौस लागली. सांस्कृतिक मंडळाने ‘आपला जिल्हा’ नावाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मंडळाचे अध्यक्ष पुंडलिकराव रेवतकर. जिल्हा आपल्यामुळेच झाला असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते म्हणू द्यावं, कारण सभागृहाची किल्ली त्यांच्याकडे असते.

गावात कॅमेरेवाले पुष्कळ, पण कॅमेरा असून लग्नाचे फोटो न काढणारी एकच, वृषाली कळंबे. सौसरच्या शाळेत ती भूगोल शिकवते. संत्र्यांचे ढीग, रामाकोन्याच्या फाटकाशी थांबलेल्या बकऱ्या, असं काहीही ती काढते. गोटमारीचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या दगडफेकीच्या जत्रेचेही फोटो काढलेत. त्यातला शेवटचा, लेन्सला दगड लागायच्या आधीचा, चांगला आला आहे. पण तिचा जीव खरा युद्धनौकांत. इथून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र यायला रात्र जाते. तरी दर डिसेंबरात नौदल दिनाला ती विशाखापट्टणमला जाते, किनाऱ्यावर फुटाणेवाल्यांच्या रांगेत उभी राहते आणि लांबवर तरंगणाऱ्या राखाडी आकृत्या टिपून परत येते. नवऱ्याचं, मंगेशचं, हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाइकं विचारतात, “मॅडम दिसून नाही राहिल्या?” मंगेश खिळे तोलता तोलता म्हणतो, “लढाईवर गेल्या.”

प्रदर्शनासाठी वृषालीने बारा फोटो दिले. अकरा जिल्ह्यातले. बारावा एका जुन्या युद्धनौकेचा. ही नौका तिने वर्षानुवर्षं काढली होती, उन्हात, धुक्यात, एकदा तर नुसतं टोक. यंदा ती सेवेतून निवृत्त झाली आणि आता भंगारात जाणार होती. म्हणून हा फोटो वृषालीने मोठा करून घेतला, मंगेशकडून सागवानी चौकट करवली आणि मधल्या भिंतीवर लावला. हा तिथे राहावा, एवढीच तिची इच्छा होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पुंडलिकराव पाहणीला आले आणि मधल्या भिंतीशी थबकले.

“मॅडम, हे काय हाय?”

“युद्धनौका.”

“आपल्या जिल्ह्यात?”

“फोटो काढणारी जिल्ह्यातली आहे.”

“अवो, आपल्या जाम नदीत म्हैस बसली तं तिचं पोट नाई भिजत. अन् तुमी जहाज लावून राहिल्या! लोक हासन आमाले.” त्यांनी मंडळाच्या शिपायाला हाक मारली. “कवडू, काढ ते. तिथं माझा फीत कापतानाचा लाव.”

कवडूने जहाज उतरवलं. अध्यक्ष कात्रीसकट भिंतीवर चढले. बाकीच्या अकरांना त्यांची हरकत नव्हती. बकऱ्या तर त्यांना आवडल्या.

वृषालीने चौकट उचलली. “उद्या उद्घाटनाला घेऊन येते.”

“कायले?”

“लावायला.”

“लावून तं दाखवा,” पुंडलिकराव म्हणाले.

घरी येऊन तिने तो फोटो ओसरीवर, रस्त्यावरून दिसेल असा टांगला. निषेध म्हणूनच. आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. माणूस जिवंत असतो तोवर त्याचा फोटो मोबाइलात असतो. मोठा होऊन, चौकट लावून ओसरीवर आला, की समजावं, गेला. (पुंडलिकराव अपवाद, ते जिवंतपणीच लागतात.)

तासाभरात शेजारच्या पुष्पाकाकू डोक्यावर पदर घेऊन आल्या. हातात पिठलं-भाकरीचा डबा.

“कोन गेलं व माय? अचानक?”

“कोणी नाही काकू. जहाज आहे.”

काकूंनी चष्मा पुसून पाहिलं. “कोनाचं?”

“सरकारचं.”

“मंग नोकरीत होतं. रिटायर झालं?”

“हो. आता तोडणार.”

“तोडनार!” काकू खालीच बसल्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते. “काऊन व बाई? उभं ठेवाले जागा नाई का त्यायच्याजोळ? आमच्या घरच्यायले बी रिटायर झाल्यावर कोनी चहा नाई इचारला. पन तोडलं तं नाई.”

काकू उठून घरी गेल्या आणि शेवंतीचा हार घेऊन आल्या. “असा उघडा फोटो नको ठेवू. बरं नाई दिसत.”

या रिवाजावर वृषाली लग्न झाल्यापासून बावीस वर्षं हसत आली होती. आज हसली नाही. तिने स्टूल धरलं, काकूंनी हार घातला. मग ती दोन पावलं मागे सरकली आणि, भूगोलाच्या बाईंना साजेल असा, बराच वेळ नीट विचार केला.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाआधी झाडलोटीला सभागृह उघडलं, तशी ती आत गेली. पुंडलिकरावांना भिंतीवरून उतरवून खुर्चीवर बसवलं, म्हणजे त्यांच्या फोटोला. जहाज हारासकट मधल्या खिळ्यावर लावलं. खाली एक संत्रं ठेवलं आणि त्यात अगरबत्ती खोचली.

पुंडलिकराव पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा धूर छान पसरला होता.

“कवडू! काढ ते!”

“भाऊ, हार हाय न त्याले.”

“मंग?”

“तेरवीच्या आधी कोन काढते? माह्या घरी लेकरंबाळं हायेत. तुमीच काढा.”

पुंडलिकराव तणतणत पुढे गेले. हात खिळ्यापर्यंत पोचला. मागे वळून पाहिलं तर दोन पाहुण्यांनी चपला काढल्या होत्या. तिसऱ्याने हळूच विचारलं, “कोणाचे वडील?” आणि उत्तराची वाट न पाहता हात जोडले. बायकांनी पदर घेतले. पुंडलिकरावांचा हात खिळ्याशी थोडा घुटमळला, मग खाली आला आणि दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला.

“अध्यक्षसाहेब, मान जरा खाली,” वृषाली लेन्समागून म्हणाली. “हां. अशीच.”

तो तेरावा फोटो तिने जहाजाखाली लावला. प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी तिथेच झाली. पुंडलिकरावांनाही तो काढून टाका असं म्हणवेना. त्यात ते नम्र दिसत होते, आणि तसा त्यांचा दुसरा फोटो नाही.

प्रदर्शन संपलं. अकरा फोटो घरी गेले. सभागृहात जहाज तसंच होतं, हार वाळलेला. तेरवी उलटल्यावर पुंडलिकराव स्वतः वृषालीच्या ओसरीवर आले.

“मॅडम, आता तं काढा.”

वृषाली लेन्स पुसत होती. डिसेंबर जवळ आला होता.

“वर्षश्राद्ध होऊ द्या,” ती म्हणाली.