पंचमातली लाट

माघाची दुपार कृष्णेवर कलली होती. पाणी पितळी, पात्र संथ, काठ निःशब्द. मिरजेच्या अरुंद गल्लीतही तेच पितळी ऊन उतरले होते, आणि इलाहीचाचांच्या पेटीदुरुस्तीच्या दुकानात त्या उन्हात पितळेचा बारीक चुरा तरंगत होता.

कुमुदिनीबाईंनी पेटी दिली होती ती फक्त भात्याची चीर बुजवायला. तिचे वाजवणारे, बाईंचे यजमान मोरेश्वरपंत, जाऊन आठ महिने झाले होते. ते गेल्यापासून पेटी कुणी उघडली नव्हती.

"भाता झाला, वहिनी. आणि पंचमही सुधारला बघा! किती वर्षं डुलत होता. पंतांना सांगून दमलो, पण ऐकतील तर शपथ!"

बाईंनी पट्टी दाबली. सूर आला. सरळ, निर्मळ, निस्तरंग.

त्या पट्टीखाली दोन पितळी जिभा. एक आधी सेकंदाला तीनशे चौऱ्याऐंशी वेळा थरथरे, दुसरी तीनशे ब्याऐंशी. त्या दोनाच्या फरकातून लाट जन्मे: सूर सेकंदाला दोनदा फुगे, दोनदा ओसरे. सूर जुळवणारा कान ती लाट ऐकतो, आणि जीभ घासत घासत तिला मंदावत, विझवत नेतो. चाचांनी तेच केले होते. आयुष्यभर तेच केले होते.

पण पंत रोज संध्याकाळी तेवढीच पट्टी दाबून धरत. डुलत डुलत ती लाट स्वयंपाकघरात येई, आणि बाई पदराला हात पुसत बाहेर येत. बायकोला त्यांनी नावाने कधी हाक मारली नव्हती.

"चाचा, यातली त्यांची हाक कुठं गेली हो?"

चाचा पुटपुटले, "या अल्ला! मी खोट समजलो, वहिनी."

त्यांनी जिभेच्या मुळाशी कानस फिरवली. लाट उठली.

"ही?"

"जरा घाईची वाटते."

टोकाशी फिरवली. "आता?"

"नाही... इतकी सावकाश नव्हती."

पुन्हा मूळ. पुन्हा टोक. प्रत्येक नवी लाट आधीचीला पुसत गेली. आणि पुसता पुसता बाईंच्या कानात उरलेली, पंतांची एकुलती एक, तीही पुसून गेली.

चाचांच्या पांढऱ्या पापण्यांवर चुरा चिकटला होता. कानस पुन्हा मुळाकडे वळली होती.

"हीच," बाई म्हणाल्या. "हीच, चाचा."

चाचांनी कानस खाली ठेवली. वर पाहिले नाही.

बाईंनी पट्टी दाबून धरली. अनोळखी लाट फुगली, ओसरली, फुगली, ओसरली. आणि बाईंनी, ओठांतल्या ओठांत, तिला ओ दिली.