लाकडात राहिलेला ठिपका

मित्रांनो, मी मोजणीचा जुना पाट आहे आणि सध्या माझ्या पाठीवर एक प्रिंटर बसलेला असतो. तो कागद ओढू लागला की माझे चारही कोपरे थरथरतात. पूर्वी माझ्यावर डोंगर उतरत असत. एका उन्हाळ्यात सात डोंगर, दोन दऱ्या आणि मेंढ्यांच्या पायवाटांचे सगळे जाळे मी अंगावर वागवले आणि तरी मला इतका शीण आला नव्हता.

मी लिंडनच्या लाकडाचा आहे. ज्या झाडाच्या फुलांचा काढा इथे खोकल्यावर देतात, ते झाड. स्पासोये नावाच्या सुताराने मला रंधून, जोडून, खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकून तयार केले. तो म्हणे की ओक मजबूत खरा, पण सुई आत घेत नाही. मोजणीच्या पाटाला मऊपणा हवा. लढाई संपून आठ वर्षे झाली होती. देशाला रस्ते हवे होते, शाळा हव्या होत्या, विजेचे खांब हवे होते आणि ते कुठे उभे करायचे हे कुणालाच नीट ठाऊक नव्हते. म्हणून मला तीन पायांवर बसवून डोंगरात पाठवले.

माझे काम साधे होते. मोजणीदार ओब्राद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माझ्यावर कागद चिकटवी, पाण्याचा बुडबुडा मध्यावर येईपर्यंत माझे पाय खालीवर करी आणि दुर्बीण बसवलेली पट्टी कागदावर ठेवून दूरचे शिखर, घर किंवा झाड न्याहाळी. मग पट्टीच्या कडेने एक बारीक रेष ओढी. दुसऱ्या टेकडीवर जाऊन त्याच घराकडे पुन्हा पाही आणि पुन्हा रेष ओढी. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदत, तिथे ते घर. त्या जागी तो सुई टोचत असे. सुई कागदातून आरपार येई आणि तिचे टोक माझ्यात केसभर रुते. दर हंगामाआधी माझ्यावर रंधा फिरे, मागच्या वर्षीचे डोंगर भुशात पडत आणि मी कोरा होऊन पुन्हा निघे.

चांगली वर्षे होती ती. माझ्यावर काढलेल्या रेषांवरून घाटरस्ता निघाला. डॉक्टरची जीप ज्या खोऱ्यात कधी गेली नव्हती तिथे गेली. बीच नावाच्या झाडांच्या जंगलात वणवा लागला तेव्हा वनरक्षकांनी माझ्याच कागदाची नक्कल पसरून आगीच्या पुढची वाट शोधली. आमच्या मोजणी कचेरीचे तेव्हाचे प्रमुख एकदा माझ्यावर थाप मारून म्हणाले होते की हा पाट चार माणसांचे काम करतो. ती थाप मला अजून आठवते. हल्ली माझ्यावर थाप पडते ती प्रिंटर अडला म्हणून.

शेवटच्या हंगामात आम्ही सीवा ग्रेदा नावाच्या करड्या डोंगरावर क्रेमेनित्सा या वस्तीत गेलो. पंचवीस घरे, चहूकडे चुनखडीचा खडक. पाऊस पडला की इथला डोंगर तो पिऊन टाकतो आणि मैलोगणती दूर कुठेतरी परत देतो. ऑगस्टचे दिवस होते. हौदांत पावसाचे पाणी तळाला गेले होते आणि त्याला पानांचा वास येत होता. तरीही ओब्राद ज्या घरी जाई तिथे त्याच्यापुढे लाकडी पेला येई आणि त्यातले पाणी इतके गार असे की त्याचे दात कळवळत.

त्याने वस्तीतल्या वडीलधाऱ्या मिर्चेताला विचारले की जवळपास झरा आहे का. मिर्चेताने मिशीवरून हात फिरवला. तो म्हणाला, "इंजिनिअरसाहेब, आमच्याकडं पाणी फक्त डोळ्यांत असतं. तेही बायकांच्या."

सगळे हसले. ओब्रादही हसला. पण त्याला त्या वस्तीत आठ दिवस झाले आणि आठही दिवस पाणी गारच होते. त्या लोकांची रीत त्याला हळूहळू उमगली. आल्यागेल्याला पाणी पाजायचे, पाण्याची वाट मात्र दाखवायची नाही. वस्तीत कायम राहणाऱ्या मोठ्या माणसांनाच जागा ठाऊक असायची, पोरांना नाही. लग्न होऊन बाहेर जाणाऱ्या मुलीला झऱ्याचे नाव तेवढे सांगत. जागा सांगत नसत.

नवव्या दिवशी दुपारी आम्ही उंच कड्यावर होतो. दुर्बिणीत एक बाई दिसली. पाठीवर पाण्याचे लाकडी पिंप घेतलेली, तिशीची, नाव स्ताका. एका खडकाआड ती नाहीशी झाली आणि बाहेर आली तेव्हा ओझ्याने वाकली होती. ओब्रादने रेष ओढली. दुसऱ्या दिवशी समोरच्या टेकडीवरून तीच वेळ साधली आणि दुसरी रेष ओढली. जिथे त्या मिळाल्या तिथे त्याने सुई टोचली. इतर ठिपक्यांपेक्षा जरा जोरानेच, असे मला वाटले.

संध्याकाळी स्ताका अंडी आणि पाव घेऊन आली. कागद उघडाच होता. तिला अक्षर वाचता येत नव्हते, पण डोंगर वाचता येत होता. तिचे बोट कड्याच्या रेषेवरून उतरले, ओढ्याच्या कोरड्या पात्राला वळसा घालून नेमके त्या ठिपक्यावर येऊन थांबले.

"हा कशाचा?"

"पाण्याचा," ओब्राद म्हणाला.

तिने बोट ठिपक्यावरून उचलले नाही. मग तिने सांगितले की लढाईत त्यांच्यातल्याच एकाने एका पलटणीला झऱ्याची वाट दाखवली होती. पलटण दोन महिने झऱ्यावर बसली. आधी खेचरे पीत, मग शिपाई, आणि उरले तर वस्ती. तिच्या सासूने त्या उन्हाळ्यात डबक्याचे पाणी गाळून प्यायले आणि ती उन्हाळ्यापलीकडे गेली नाही. ओब्रादने समजावले की आता काळ बदलला आहे, ठिपका असला तर सरकार टाकी बांधील.

"टाकी बांधायला जो येईल, तो कुलूपही घेऊन येईल," ती म्हणाली. "खोड ते, भाऊ. पाणी प्यायलास ना आमचं?"

नाजूक जागी कागदाची साय निघू नये म्हणून ओब्राद रबराऐवजी पावाचा मऊ गर वापरी. त्या दिवशी गर तिच्याच पावाचा होता, त्याच पाण्यात मळलेला. त्याने ठिपका पुसला आणि सुईचे भोक नखाने दाबून बुजवले. स्ताकाने कागदाकडे पाहिले, समाधानाने मान हलवली आणि गेली.

कागद विसरला. मला विसरता आले नाही.

हंगाम संपल्यावर कागद सुटा करताना ओब्रादने माझ्यावरच्या त्या खोल भोकावरून अंगठा फिरवला. त्या वर्षी त्याने मला रंध्याला पाठवले नाही. पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणाला. पुढच्या वर्षी विमान आले. ते वरून छायाचित्रे घेई आणि चार दिवसांत आमचे चार हंगाम संपवी. खडकाखालचे पाणी विमानाला दिसत नाही. नकाशा करणाऱ्यांनी आमचा कागद पाहिला; त्यावरही पाणी नव्हते. मग त्या नकाशावरून पुढचा नकाशा झाला, त्यावरून त्याच्या पुढचा आणि शेवटी सगळे संगणकात गेले. क्रेमेनित्साच्या डोंगरावर पाणी नाही, हे दर वेळी अधिक स्वच्छ रेषेत लिहिले गेले.

मी मात्र कोळशाच्या पेटीचे झाकण झालो. नंतर खिडकीची काच फुटली तेव्हा तिच्या जागी एक हिवाळा उभा राहिलो. माझ्यावर चीज कापले, राकियाचे, म्हणजे इथल्या फळांच्या दारूचे, पेले ठेवले, निवृत्त होणाऱ्यांच्या निरोपाचा केक ठेवला. ओब्रादच्या निरोपाचाही. त्याने केकखाली हात घालून मला चाचपले. तो गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्यावर फायलींचा ढीग होता.

वर्षे लोटली. मग तो कोरडा उन्हाळा आला. क्रेमेनित्सात आता अकरा घरे उरली होती. त्यांचा नळ जुलैतच आटला आणि आठवड्यातून एकदा टँकर येऊ लागला. त्यात एका कंपनीने डोंगराच्या त्याच कुशीत दगडाची खाण मागितली. नकाशावर झरा असेल तर त्याभोवती संरक्षित पट्टा आखावा लागतो आणि पट्ट्यात सुरुंग लावता येत नाही. इथे नकाशा कोराच होता. हरकतीला पंधरा दिवस होते. चुनखडी आतून पोकळ असते. एक सुरुंग बसला की पाणी वाट बदलते आणि परत फिरत नाही.

नोवका कचेरीत आली ती तेव्हा. स्ताकाची मुलगी, साठी ओलांडलेली. ती लग्न होऊन किनाऱ्यावरच्या शहरात गेली होती. नवरा गेल्यावर वस्तीत परतली, तोवर आईही गेली होती. नळ आला तेव्हा स्ताकाने झऱ्याचे तोंड दगडांनी बंद केले होते. जागा ठाऊक असलेले सगळे म्हातारे एकेक करून संपले होते. नोवकाजवळ राहिले होते फक्त नाव.

कचेरीचे आताचे प्रमुख वुकोता वाईट मनुष्य नाहीत. पण त्यांनी तिला तीनदा तेच सांगितले. तिसऱ्या वेळी म्हणाले, "तेत्का, नाव घेऊन मी काय करू? मला जागा दे. नकाशा काही खोटं बोलत नाही."

इथे मावशीला तेत्का म्हणतात. त्या हाकेत माया होती, उपयोग नव्हता. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आमचा डोंगर तरी कुठं बोलतो?" तिचा हात माझ्या कोपऱ्यावर होता. मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मित्रांनो, साक्ष पोटात असून वाचा नसणे, यासारखा थकवा नाही.

बाराव्या दिवशी सेन्का नावाच्या तरुण मोजणीदार मुलीच्या हातून कॉफी सांडली. इथली कॉफी गाळत नाहीत. तिचा बारीक काळा गाळ कपाच्या तळाशी असतो. तो माझ्यावर पसरला. सेन्काने घाईने प्रिंटर बाजूला उचलून ठेवला आणि फडके फिरवले, तेव्हा वरचा गाळ गेला, पण भोकांत बसलेला तसाच राहिला. माझ्या पिवळट अंगावर अडीचशे काळे ठिपके उमटले.

ती वाकली. तीन ठिपक्यांचा एक मोठा त्रिकोण तिला ओळखीचा वाटला. तीन शिखरांचा. दिवसभर पडद्यावर ती हाच डोंगर पाहत होती. तिने माझे छायाचित्र घेतले, ती तीन शिखरे संगणकातल्या शिखरांवर बसवली आणि बाकीचे ठिपके आपोआप आपापल्या जागी गेले: घरांवर, वाटांच्या वळणांवर, जुन्या चर्चच्या कोपऱ्यावर. एकच ठिपका उरला. त्याच्याखाली नकाशात काहीच नव्हते.

वुकोता चष्मा पुसत म्हणाले की एखाद्या भुंग्याने पोखरले असेल. सेन्का म्हणाली, "साहेब, भुंगा सुईने पोखरतो का?"

दुसऱ्या सकाळी सगळे निघाले. नोवकाने हट्ट धरला की ज्याने पाहिले आहे त्यालाही न्यायचे, म्हणून मलाही गाडीत घातले. इतक्या वर्षांनी मी सीवा ग्रेदा पाहिला. तो तसाच होता. माणसे तेवढी विरळ झाली होती. सेन्काच्या हातातले यंत्र उपग्रहांना विचारून पाऊल पाऊल पुढे नेत होते. ते थांबले तिथे नुसते खडक होते, एकासारखा एक. वर्षानुवर्षांत माझे लाकूड आकसले होते, त्यामुळे जागा काही पावलांनी हुकली होती. चूक माझी होती.

त्यांनी तासभर दगड उलटले. कोरडी माती निघाली. वुकोता घड्याळ पाहू लागले.

नोवका मला टेकून उभी होती. तिने डोळे मिटले आणि आईने दिलेले नाव पुटपुटली. एकदा, मग सावकाश पुन्हा. त्या नावात खडकाची एक खूण होती. इथवर न आलेल्याला ती नुसत्या नावावरून कळली नसती, आणि नाव ठाऊक नसताना इथे उभे राहणाऱ्यालाही नाही. तिने डोळे उघडले, आजूबाजूला पाहिले आणि अकरा पावले चालून ती एका खडकापाशी गुडघ्यांवर बसली. तिसरा दगड काढल्यावर शेवाळ दिसले. पाचव्यानंतर आवाज आला.

वुकोतांनी टोपी काढली, ओंजळ भरली आणि त्यांचे दात कळवळलेले मला दिसले.

हरकत मुदतीत दाखल झाली. पट्टा आखला गेला. खाण डोंगराच्या दुसऱ्या कुशीत सरकली. तिथून धूळ येते, पण पाणी राहिले. अर्ज भरताना सेन्काने विचारले, "तेत्का, नावाचा रकाना आहे. काय लिहू?"

नोवका पदराच्या गाठीसारखी घट्ट झाली. "जागा घे, बाळ. कायद्याला जागा लागते ना? नाव नको मागू."

वुकोता म्हणाले की रिकामा रकाना संगणक घेत नाही. मग सेन्काने तिथे नुसते 'झरा' असे लिहिले.

मी पुन्हा प्रिंटरखाली आहे. फरक एवढाच पडला की वुकोता आता माझ्यावर कप ठेवताना खाली बशी ठेवतात आणि सेन्का कधीकधी त्या एका भोकावरून अंगठा फिरवते, ओब्राद फिरवी तसा. मित्रांनो, तुमच्याही घरात आणि कचेरीत माझ्यासारखे कुणीतरी ओझ्याखाली निमूट पडलेले असेल. त्याला जाळण्याआधी, विकण्याआधी एकदा पुसून उजेडात धरा. आणि नवा नकाशा जुन्यावरून उतरवताना, तिथे राहणाऱ्या माणसांनाही एकदा विचारा. ती खरे सांगणार नाहीत, तर का सांगत नाहीत तेही विचारा. सुईने एवढे खोल टोचावे लागू नये.

त्या दिवशी नोवका मला टेकून दोनदा ते नाव म्हणाली. मला ते ऐकू आले. मी ते लाकडात ठेवले आहे आणि तिथेच राहू देणार आहे.