सेमीफायनलमधली शिट्टी

भूगोलाच्या सरांना सगळी शाळा शिट्टीसर म्हणूनच ओळखायची. एकोणीस वर्षं ते मुलींच्या फुटबॉल टीमला शिकवत होते, आणि तेवढीच वर्षं त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला बांधलेली शिट्टी होती. वर्गात एखादीने नकाशावर नदी डोंगरावर चढवली तरी त्यांचा हात आधी छातीकडे जाई. घरी एकदा दूध उतू गेलं तेव्हा तर त्यांनी खरोखरच शिट्टी वाजवली. त्या दिवसापासून शिट्टी दाराबाहेरच्या खिळ्याला टांगून मगच घरात यायचं, असा बायकोचा कायदा झाला, आणि त्या कायद्यावर अपील नव्हतं.

सरावात त्यांची एक पद्धत होती. कोणी कोणाला ढकललं, पाय आडवा घातला, की शिट्टी. खेळ थांबे. सर बॉल पायाखाली घेत आणि एवढंच विचारत, "कोण?" त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असे, पण नाव ते कधीच घेत नसत. जिने केलं तिनेच म्हणायचं, "सर, मी. पाय घातला." झालं. शिक्षा नाही, भाषण नाही, खेळ पुढे चालू. कोणी बोललंच नाही तर मात्र सगळ्याजणी उन्हात उभ्या. एकदा सतरा मिनिटं उभ्या होत्या. गणिताचे सर म्हणत, "यांचा फुटबॉल बघायला येताना उशी घेऊन यावं." तशी टीम फारशी जिंकतही नसे. पण शाळा सोडून गेलेल्या मुली, कोणी आता नर्स, कोणी बसची ड्रायव्हर, रस्त्यात भेटल्या की स्कोअर विसरलेल्या असत आणि ते उभं राहणं आठवून पोट धरून हसत. सरांना तेवढं पुरत होतं.

यंदा मात्र नवल घडलं. टीम अकरा वर्षांनी सेमीफायनलला पोचली. यंदाचे निम्मे गोल भिंगरीचे. ही दहावीतली मुलगी शांत बसलेली कोणी पाहिलीच नव्हती. कॅप्टनला सगळ्या आक्का म्हणत, कारण ती टीममधल्या सगळ्यांशी, सरांशीसुद्धा, थोरल्या बहिणीसारखी वागे.

सेमीफायनल मंगळवारी होती. समोरच्या शाळेची पोरं बाकांवर प्लास्टिकच्या शिट्ट्या घेऊन बसली होती आणि रेफरीने दोनदा दम देऊनही फुंकत होती. एक-एक अशी बरोबरी. सहा मिनिटं उरलेली. भिंगरी बॉल घेऊन उजव्या कडेने सुटली. शेजारून त्यांची डिफेंडर धावत होती आणि जरा पुढे निघतही होती. तेवढ्यात भिंगरीने तिची बाही धरली आणि मागे ओढली. डिफेंडर धडपडली. रेफरी पलीकडच्या बाजूला होता, लाइनमनचा झेंडा खालीच राहिला. भिंगरीने बॉल मारला, पण तो जाळ्यात जायच्या आधी शिट्टी वाजली.

सरांनी ती वाजवली असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. ती वाजली. जित्याची खोड. समोरच्या गोलकीपरने हात खाली सोडले, बॉल तिच्या बाजूने आत गेला, आणि रेफरी रागाने लाल होत थेट बाकांकडे निघाला. आक्का त्याच्याही पुढे, बाह्या सरसावून. "यांच्यातच कोणीतरी वाजवली. मुद्दाम." रेफरीने पहिल्या बाकावरच्या एका मुलीची हिरवी शिट्टी काढून घेतली आणि तिला मैदानाबाहेर जायला सांगितलं. ती म्हणत राहिली, "मी नाही हो, खरंच मी नाही."

सर गप्प होते. किती वेळ, हे त्यांनी पुढे स्वतःला बरेचदा विचारलं. तीन श्वास असतील. कोणाला काही कळलं नव्हतं, शिट्टी शर्टाच्या आत घालायला अर्धा सेकंद पुरला असता, आणि खरं सांगायचं तर हात तिकडे गेलाही होता. मग ते मैदानाच्या कडेची दोरी ओलांडून आत गेले.

"ती शिट्टी माझी," ते म्हणाले. "त्या पोरीला बसू द्या."

"तुमची? तुमच्याच टीमचा गोल होत असताना?" रेफरीचा विश्वास बसेना. "का पण?"

सरांची नजर भिंगरीवर गेली. ती बुटांकडे बघत होती. "सवय," सर म्हणाले.

सरांना लाल कार्ड मिळालं. गोल रद्द झाला, बरोबरी सुटली नाही, आणि पेनल्टींवर टीम चार-तीनने हरली. सरांनी ते दोरीपलीकडून, लोकांच्या डोक्यांमधून मान वाकडी करून पाहिलं. तोंडाशी आलेला घास गेला, आणि तोही आपल्याच माणसाने काढून घेतला.

बुधवारी सरावाला सातजणी आल्या. आक्का त्यांना "सर" म्हणाली, पण असं, की त्यापेक्षा शिवी परवडली असती. पालकांचे फोन झाले. गणिताच्या सरांनी उशीचा विनोद सोडून दिला, त्यावरून प्रकरण किती वाईट आहे ते कळलं. गुरुवारी मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, सरांना बोलावलं आणि बसायलाही सांगितलं. "मला तुम्हाला दुखवायचं नाही. पण मुलींचा विश्वास उडाला असेल तर टीम दुसऱ्या कोणाकडे द्यावी लागेल. शनिवारी मी त्यांनाच विचारते." सर "बरं" म्हणाले. टीमशिवाय आपल्याला नुसता भूगोल शिकवता येईल का, हा विचार त्यांनी जिना उतरताना करून पाहिला, आणि त्यांना भीती वाटली.

भिंगरी रोज येत होती. सगळ्यांच्या आधी येई, दुखऱ्या घोट्यानेही सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडी, कोणाशी बोलत नसे.

घरी बायको शिवणाच्या मशीनवर टीमचे उसवलेले शर्ट शिवत बसली होती. सगळी हकिगत फक्त तिला माहीत होती.

"अहो, सांगून मोकळे का होत नाही? फाउल होता म्हणून वाजवली म्हणावं. एवढं तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला?"

"तिला सांगू दे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर नाही."

बायकोने दात लावून दोरा तोडला. "हे तत्त्व आहे की हट्ट?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मलाही नक्की कळत नाहीये," ते म्हणाले. बायको हसली आणि तिने पुढचा शर्ट ओढला.

शनिवारी खेळाच्या सामानाच्या खोलीत सगळ्या जमल्या. रबराचा वास, कोपऱ्यात गुंडाळलेली जाळी, आणि सोळाजणी उलट्या टोपल्यांवर, गाद्यांवर, मिळेल तिथे. मोठ्या बाई एकुलत्या एका खुर्चीवर. सरांनी बाहेर थांबायची तयारी दाखवली, पण बाई म्हणाल्या, "इथेच थांबा. जे असेल ते समोरच होऊ दे." मग त्यांनी सरळ विचारलं, पुढच्या वर्षी सर हवेत की नकोत.

आक्का उठली. "बाई, सर माणूस म्हणून चांगले आहेत. पण आम्ही वर्षभर घाम गाळला आणि सरांनी एका फुंकरीत..." ती धपकन खाली बसली.

"बाही मी ओढली होती."

सगळ्यांनी मागे पाहिलं. भिंगरी दारापाशी उभी होती. "त्या डिफेंडरची. ती पुढे जात होती. फाउल होता, म्हणून शिट्टी वाजली."

मोठ्या बाई सरांकडे वळल्या. "तुम्हाला हे दिसलं होतं?" सर जाळीकडे बघत राहिले, आणि बाईंना उत्तर मिळालं.

आक्काचा पारा चढला. "चार दिवस आम्ही सरांना काय काय बोललो. तू इथंच होतीस. तोंड शिवलं होतं का तुझं?"

"सर सांगतील म्हणून वाट बघत होते," भिंगरी म्हणाली. "त्यांनी माझं नाव घेतलं असतं ना, तर मी सरळ नाही म्हणणार होते. ठरवूनच ठेवलं होतं. रेफरीने पाहिलं नाही, लाइनमनने पाहिलं नाही, कोणी काय करणार होतं? पण ते सांगेचनात. तुम्ही सगळ्या त्यांना बोलताय, आणि ते मला विचारतात, घोटा दुखतोय का अजून." तिने मनगटाने नाक पुसलं. "कोणावर तरी चिडायला हवं होतं, सरांवर चिडता येईना. उरलं कोण?"

सरांना इतका आनंद झाला होता, की कप मिळाला असता तरी एवढा झाला नसता.

आक्का उठून दारापाशी गेली. तिने भिंगरीच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि मग तिच्या शेजारीच उभी राहिली. मोठ्या बाईंनी मांडीवरची वही मिटली आणि पुढचा सराव किती वाजता आहे ते सरांना विचारलं.