उष्टा उजेड

पोशीरच्या मारुतीच्या मंडपात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. भाताची लावणी उरकलेली, हात रिकामे, पत्र्यावर पाऊस वाजतोय आणि आत तेजबाबांच्या मुठीत दिवा लागलेला. साधा पांढरा दिवा, दुकानात मिळतो तसा.

"वायर आहे?" बाबांनी विचारलं.

"नाय!" मंडप म्हणाला.

"बटण आहे?"

"नाय!"

"मग ही वीज कुणाची?"

हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी हात जोडले.

"देहाची! पुण्याची! ज्याचं पुण्य शाबूत, त्याच्या हाती दिवा पेटतो. पाच हजार वर्षांपूर्वीची ही विद्या!"

जगदीश मागच्या खांबाला टेकून उभा होता. तो ग्रामपंचायतीचा शिपाई. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल, आणि फाईलमध्ये सत्तेचाळीस घरांचे अर्ज. पंचायतीनं योजना आणली होती. छपरावर सोलरची प्लेट, घरात बॅटरी, लाईट गेली तरी काही तास घर चालू. बहुतेक पैसे सरकारचे. अट एकच, येत्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पन्नास अर्ज तालुक्याला पोचले पाहिजेत. नाही पोचले तर योजना दुसऱ्या गावाला.

पहिला अर्ज जगदीशच्या घरचाच होता. त्याची आई धोंडूबाई चाळीस वर्षं चुलीच्या धुरात भाकऱ्या थापत आली, आणि आता तिच्या फुफ्फुसांनी अंग चोरलं होतं. खाटेजवळ प्राणवायूचं यंत्र घरघरत असायचं. पावसाळ्यात लाईट गेली की यंत्र गप्प, आणि जगदीश मोटारसायकलवर नेरळला, सिलिंडर आणायला.

"आणि आता ऐका," बाबांनी आवाज खाली आणला. "घराच्या डोक्यावर काळी काच बसवायची म्हणतात. काच काय करते? सूर्य खाते. आणि घरात काय सोडते? उष्टा उजेड! देवाला उष्टं चालत नाही, मग लेकराबाळांना चालेल? खोटं वाटत असेल तर ज्यांनी अर्ज भरलेत त्यांनी पुढं यावं."

चार-पाच जण बिचकत पुढं गेले. धोंडूबाईला सून वनितानं हाताला धरून आणलं होतं. बाबांच्या चेल्यानं प्रत्येकाचे हात कोरड्या पंच्यानं पुसले आणि वर 'शांतीतेल' चोळलं. एकाच्याही हातात दिवा लागला नाही. मग अर्ज न भरलेल्या चांगोच्या तळहातावर तीर्थ ओतलं. तो ते प्यायला, ओल्या हातानं दिवा धरला, आणि दिवा लख्ख.

चांगोनं आयुष्यात पुण्याचं एकही काम केल्याचं गावाला आठवत नव्हतं. पण दिव्यापुढं बोलायचं कुणी?

धोंडूबाई आपल्या तेलकट, भेगाळलेल्या हाताकडे बघत राहिली. वाटेत एवढंच म्हणाली, "जग्या, फारम मागं घे."

"आई, अगं ते..."

"घर माज्या नावाव हाय. सही मी केलीया. मागं घे."

बुधवारपर्यंत अकरा अर्ज उरले. जो तो दारात येई, मान खाली घालून आपला कागद मागून नेई. "रागावू नको रं, पोराबाळांचं घर हाय." सरपंच संजनाताईंनी दोनदा गाव जमवलं. लोक त्यांचं नीट ऐकून घेत आणि घरी जाऊन बाबांचं करत. धोंडूबाईनं तर बाबांकडून एक दिवा विकतच आणला. रोज सकाळी ती तो पदरानं पुसून मुठीत धरी. दिवा लागत नसे. गुरुवारी तिनं नाकातली नळी काढून ठेवली.

"का गं?"

"माज्यातली वीज सपली, जग्या. दुसऱ्याच्या उष्ट्याव किती जगायचं?"

वनितानं नळी परत लावली. जगदीश मागीलदारी गेला आणि उगाचच लाकडं फोडत बसला. घरात गॅस होता.

शुक्रवारी दुपारी बाबा घरशुद्धीला येणार होते. 'पडवी सारवून ठेवा,' असा निरोप होता. वनिता सकाळीच शेणाचं घमेलं घेऊन बसली. खाट सरकवताना उशाचा दिवा घरंगळला आणि बुडावर सारवणात रुतला.

आणि लागला.

वनितानं दिव्याकडे पाहिलं, शेणाकडे पाहिलं.

"अवो, हिकडं या. शेनाला पुण्य लागलंय."

जगदीशनं दिवा उचलला, पुसला, विझला. ओल्या फडक्यात धरला, लागला. वनितानं हाताला गोडंतेल चोळून धरला, नाही लागला. मग जगदीशनं कोयत्यानं दिव्याची पांढरी टोपी उडवली. आत करंगळीएवढी बॅटरी होती. बाहेर बुडाशी धातूचे दोन ठिपके, आणि खोबणीत गेल्या मार्चची तारीख छापलेली. पाच हजार वर्षांपूर्वीच्या विद्येला चार महिने झाले होते.

"आत्याबायला सांगू?" वनितानं विचारलं.

"एकट्या आईला पटून काय व्हतंय? येऊ दे त्यांना."

बाबा आले, मागून निम्मं गाव आलं. वनितानं पदर सारखा केला.

"महाराज, आनखी एकाची परीक्षा घ्यायची हाय."

"कोण आहे?"

"लाजतंय जरा. घमेल्यात बसलंय."

तिनं बाबांच्या पेटीतला दिवा शेणात खोचला. लख्ख! पडवी हसली. पण बाबा असे हसण्यानं हलणारे नव्हते.

"गोमातेचं शेण! त्यात पुण्य नसेल तर कशात असेल?"

"खरं हाय," चांगो म्हणाला, आणि माना डोलल्या. जगदीशला वाटलं, शेण आणायला नको होतं.

वनिता आत गेली आणि कालच्या चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, कालवणाचं पातेलं घेऊन आली.

"आनि ह्यांचं, महाराज? बांधावरच्या चिंबोऱ्या. लोकांच्या लावनीत भोकं पाडीत व्हत्या, म्हून धरल्या."

दिवा कालवणात बुडला. शेणात लागला होता त्याहून जोरात लागला. रश्शात मीठ होतं.

आता मात्र चांगोलाही खोकला आला.

जगदीश आईसमोर बसला. मिठाच्या पाण्यानं त्यानं तिचे हात हळूहळू धुतले, तेल निघेपर्यंत, आणि दिव्याचं बूड तिच्या ओल्या तळव्यावर ठेवलं. धोंडूबाईच्या हातात उजेड पडला. तिनं एक हुंदका दिला, त्याचाही तिला दम लागला.

"ह्यात बॅटरी हाय," जगदीश सगळ्यांना म्हणाला. "हे दोन ठिपके काहीतरी ओलं लागून जोडले की दिवा लागतो. हात असो, शेण असो, चिंबोरी असो. कोरडा, तेलकट हात आसंल तर नाय लागत. म्हून आमाला तेल आनि चांगोला तीर्थ. आनि ह्या बॅटऱ्या मारुतीच्या देवळातल्या प्लगवर चार्ज व्हतात. ते बिल पंचायत भरती."

बाबा डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. उघडले तेव्हा चेल्यानं पेटी टेंपोत चढवली होती. पुढच्या बाजाराला ते कशेळ्यात दिसले म्हणतात.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. जगदीश तासभर चिखल तुडवत दारोदार फिरला. पुष्कळांनी कागद परत दिले. काहींनी नाही. "दिवा खोटा, ते पटलं रं. पर उष्ट्या उजेडाचं काय? जाऊ दे, इषाची परीक्षा नको." लबाडी पकडली गेली होती. भीती मात्र घरात मुक्कामाला राहिली होती. कर्जतला तालुक्याच्या कचेरीची खिडकी बंद होताना फाईलमध्ये त्रेचाळीस अर्ज होते. खिडकीतले साहेब चांगले होते. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले.

म्हणजे हा पावसाळा सिलिंडरवर.

तेव्हापासून धोंडूबाई नाकात नळी लावून पडवीत बसते. शेजारी पाण्याची वाटी आणि तो दिवा. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारते. "ये गं चंद्रे, बस. धर ह्यो दिवा. लागला? तुजं पुण्य नाय ते, बॅटरी हाय. मला नाय कळलं, मी फशी पडले. तू इचार. कुनी उजेड दावला की पयलं इचारायचं, वीज कुटनं आली? जो सांगत नाय, त्याला दारात उभा करायचा नाय."

परवा आभाळ भरून आलं आणि ती हे चंद्राबाईला सांगत असतानाच लाईट गेली. पडवीत अंधारलं. यंत्राची घरघर थांबली. धोंडूबाईही वाक्याच्या मध्येच थांबली.

तिनं चाचपडत वाटीत बोटं बुडवली आणि दिवा मुठीत धरला. त्या उजेडात वनितानं सिलिंडरची चावी शोधली आणि फिरवली.

त्या दिव्याचं काम तेवढंच होतं. लाईट गेल्यावर थोडा वेळ दिसावं म्हणून कुणीतरी तो विचार करून बनवला होता.